कौसल्याताई आणि तिखट शेवया

परतूरला आमच्या घरासमोर कौसल्याताई राहते. वय पंचेचाळीस, अंगानं सडसडीत, बोलणं तोडून टाकल्यासारखं. ही हकीगत तिनंच मला सांगितली, आमच्या ओट्यावर मेथी निवडता निवडता. स्वतःला कुठंही झाकलं नाही. मधे एकदा म्हणाली, "तुला ऐकायला घाण वाटंल, पण झालं ते आसं झालं." म्हणून मीही ते तसंच सांगते.

एकोणिसाव्या वर्षी ती या घरात सून म्हणून आली. नवरा बद्रीनाथ शेती बघायचा, अजूनही बघतो. सासरे काकासाहेब तेव्हा उन्हाळी भुईमूग लावण्यात तालुक्यात नाव काढून होते. धाकटा दीर मच्छिंद्र पाच वर्षांचा, शेंडेफळ. तीन वर्षांनी सासू गेली आणि मच्छिंद्र कौसल्याताईच्या पदराला लागला तो लागलाच. त्याला शाळेचा डबा तिनं दिला, गोवरात मांडीवर तिनं घेतलं, दहावीला नापास झाला तेव्हा काकासाहेबांच्या आणि त्याच्या मधे तीच उभी राहिली. तिची स्वतःची लेक लग्न होऊन घनसावंगीला गेली तेव्हा ती दोन दिवस रडली. पण मच्छिंद्र घरात होता, म्हणून तिसऱ्या दिवशी उठून स्वयंपाकाला लागली.

स्वयंपाक हा तिचा मान. विशेषतः शेंगदाणा. आमच्याकडं प्रत्येक भाजीत दाण्याचा कूट पडतो, त्यामुळं दाणे भाजणं ही काही फार मोठी गोष्ट नव्हे असं कोणालाही वाटेल. पण कौसल्याताईचे दाणे वेगळेच. लोखंडी कढईत मंद आचेवर अर्धा तास, मधे उठणं नाही, फोन घेणं नाही. मग सुपात घेऊन फोलपटं पाखडायची. एकही दाणा काळा नाही, एकही कच्चा नाही. ते स्टीलच्या मोठ्या डब्यात भरून ती फळीवर ठेवायची, आणि गल्लीतल्या बायका पाहुणे आले की वाटी घेऊन तिच्याकडं यायच्या. मीही गेले आहे.

दोन वर्षांपूर्वी मच्छिंद्रनं गावात मोबाईलचं दुकान टाकलं आणि त्याचं लग्न झालं. मुलगी जालन्याची, साधना. नर्सिंग शिकलेली, इथल्या एका खाजगी दवाखान्यात नोकरी. सकाळी आठला जायची, संध्याकाळी सहाला यायची. तिला भाकरी येत नव्हती. म्हणजे थापायची, पण कडेला जाड आणि मधे पातळ. कौसल्याताईला ते मनातून बरंच वाटलं. "व्हईल हळूहळू," असं म्हणायची आणि परात आपल्याकडं ओढून घ्यायची. साधना "ताई, ताई" करत मागं असायची. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग गेल्या साली काकासाहेबांना टायफॉईड झाला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. शहात्तर वर्षांचा माणूस, हाडं दिसायला लागली. कौसल्याताईनं काय केलं नाही? मुगाची खिचडी केली, लसणाची फोडणी दिलेला मऊ भात केला, ज्वारीच्या कण्या केल्या, ताकातली उकड केली. म्हातारा दोन घास घेऊन ताट सरकवायचा. "न्हाई जात बाई," म्हणायचा. एवढंच. रोज दोन वेळा ते ताट ती तसंच परत स्वयंपाकघरात न्यायची.

एका शुक्रवारी कौसल्याताई गावातच एका बारशाला गेली होती. परत आली तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. चपला काढताना तिनं बघितलं, काकासाहेब बाजेवर उठून बसलेत, हातात वाटी आहे, आणि ते ती वाटी चमच्यानं खरवडतायत.

"साधना," म्हातारा आतल्या बाजूला ओरडला, "आजून हाय का त्या शेवया?"

"आहेत ना मामा, आणते."

आणि साधना, ड्यूटीचे कपडे अंगावर, हातात कढई घेऊन बाहेर आली. कढईत लालसर नूडल्स. त्यात कोबी, गाजर, सिमला मिरचीचे लांब लांब तुकडे, वरून कांद्याची पात. आणि वास! कौसल्याताईनं वास लगेच ओळखला. तिच्याच दाण्यांचा वास होता तो.

"ताई, तुमच्या डब्यातले दाणे घेतले हं दोन मुठी," साधना म्हणाली. "थकून आल्ते, काहीतरी जल्दी होईल असं केलं. मामांना सहज थोडं दिलं तर आवडलं."

"घे की," कौसल्याताई म्हणाली. "घरचंच हाय."

त्या दिवशी काकासाहेबांनी दीड वाटी खाल्ली. कौसल्याताईला आनंद व्हायला पाहिजे होता. ती मला म्हणाली, "झाला न्हाई मला आनंद. मला वाटलं, महिनाभर मी मरून राह्यले, आन् हिनं पंधरा मिनिटांत उठून बसवला."

त्यानंतर तिनं ते कसं करतात ते बघितलं. विचारलं नाही, फक्त बघितलं, कणीक मळायचं निमित्त करून. एका पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात मीठ, चमचाभर तेल, आणि नूडल्स. दुसऱ्या बाजूला मिक्सरच्या भांड्यात भाजलेले दाणे, भिजवलेल्या लाल मिरच्या, सातआठ लसणाच्या पाकळ्या, सुपारीएवढा गूळ, थोडा चिंचेचा कोळ. नूडल्स चाळणीत ओतताना खालचं गरम पाणी फेकायचं नाही, त्यातलंच वाटीभर मिक्सरमध्ये घालून दाण्यांचं पातळसर वाटण करायचं. मग कढई तापवून मोठ्या आचेवर भाज्या दोनच मिनिटं परतायच्या, कुरकुरीत राहिल्या पाहिजेत, वरून वाटण, वरून नूडल्स, उलटसुलट केलं की झालं. ना पोळपाट, ना तवा, ना चटके.

एवढंच. कौसल्याताईला राग आला तो या 'एवढंच'चा.

आठवड्यातून दोनदा ते व्हायला लागलं. काकासाहेब त्याला तिखट शेवया म्हणायचे आणि सकाळीच विचारायचे, "आज साधना कव्हा येणार?" तोंडाला चव आली तसं ते भाकरीही खाऊ लागले, पण कौसल्याताईच्या हिशेबी ते श्रेय शेवयांचंच झालं. बद्रीनाथ, जो सव्वीस वर्षांत कधी "भाजी चांगली झाली" म्हणाला नव्हता, तो म्हणाला, "पोरीच्या हाताला चव हाय." आणि मच्छिंद्र! एकदा तिनं मुद्दाम त्याच्या आवडीची दाण्याची आमटी केली होती, बाजरीच्या भाकरीबरोबर. तो आला, झाकण उचलून बघितलं आणि म्हणाला, "आज नूडल्स न्हाईत का वहिनी?"

"आमटी हाय," ती म्हणाली.

"हां, चालंल की," तो म्हणाला.

चालेल. तो शब्द तिनं चारपाच दिवस चघळला. साधना भांडी घासायला आली की ती म्हणायची, "राहू दे, तू थकून आल्तीस." साधनाला वाटायचं जाऊ काळजी करते. पण कौसल्याताईला आपली भांडी तिच्या हातात द्यायची नव्हती. साधना आरशासमोर वेणी घालताना गुणगुणायची, ते तिला खुपायचं. साधनाचे केस लांब होते, तेही खुपायचे. दवाखान्यातल्या म्हाताऱ्या बायका रस्त्यात थांबवून साधनाच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. सव्वीस वर्षांत या गावात आपल्या डोक्यावरून कोणी हात फिरवला, हे कौसल्याताई आठवून बघायची.

एकदा दुपारी घरात कोणी नसताना तिनं स्वतः करून बघितलं. नूडल्सचं पाकीट कोपऱ्यावरच्या दुकानातून न आणता लांबच्या दुकानातून आणलं, कोणाला कळू नये म्हणून. पण नूडल्स जास्त शिजल्या, वाटण घट्ट झालं, आणि कढईत सगळ्याचा एक गोळा बसला. चव घेतली तर पिठलं आणि खीर एकत्र केल्यासारखी. तिनं तो गोळा पिशवीत घालून गल्लीच्या टोकाला टाकला आणि कढई घासून पालथी घातली.

पुढच्या रविवारी साधनाची दवाखान्यातली मैत्रीण नाजिया जेवायला येणार होती. "तिला माझ्या नूडल्स खायच्यात," साधना आदल्या दिवशी म्हणाली. "ताई, दाणे आहेत ना? तुमच्या दाण्यांशिवाय ती चव येत न्हाई."

खरं तर यात कौसल्याताईचं कौतुकच होतं. पण तिला ऐकू आलं ते उलटं. माझेच दाणे, माझाच अर्धा तास कढईपुढं, आणि नाव तिचं.

घरात माळ्यावर एक पत्र्याचा डबा होता. त्यात मागच्या सालचे दाणे राहिले होते, खवट झालेले, टाकायचे म्हणून ठेवलेले. शनिवारी दुपारी तिनं तो डबा खाली काढला. चार मुठी दाणे घेतले आणि जरा जास्त खरपूस भाजले, म्हणजे वास दबेल. मग ते चांगल्या दाण्यांत मिसळले आणि डबा फळीवर ठेवला. मी तिला विचारलं, भीती वाटली नाही का? ती म्हणाली, "बिलकुल न्हाई. शांत वाटलं मला. लई दिवसांनी शांत वाटलं."

रविवारी नाजिया आली, हसऱ्या तोंडाची, हातात पेढ्यांचा पुडा. साधनानं सगळ्यांना एकदम वाढलं. लसूण आणि मिरचीचा वास होता, त्यात पहिल्या घासाला कळलं नाही. दुसऱ्या घासाला नाजिया पाणी प्यायली. मग तिनं गाजराचे तुकडे तेवढे वेचून खाल्ले आणि म्हणाली, "पोट भरलंय साधना, घरून नाश्ता करून आल्ते."

मच्छिंद्रनं ताट सरकवलं. "काय घातलंस ह्यात? जुनं तेल वापरलंस का? पाहुणे येणार म्हणून माहीत होतं ना तुला?"

"तेल कालच आणलंय," साधना म्हणाली. तिनं स्वतः घास घेतला आणि तिचा चेहरा उतरला.

कौसल्याताई मधल्या दारात उभी होती. तिनं मला सांगितलं की त्या घटकेला तिला गोड वाटलं. भुकेल्या पोटी उसाचा रस प्यावा तसं. ती आत गेली, दहा मिनिटांत पिठलं टाकलं, गरम भाकरी केल्या, आणि मच्छिंद्र म्हणाला, "वाचवलंस वहिनी." ते ऐकायला ती सहा महिने थांबली होती.

फक्त एका गोष्टीकडं तिचं लक्ष नव्हतं. काकासाहेबांनी वाटी संपवली होती. चव बिघडली असूनही संपवली होती, सुनेला पाहुण्यांसमोर वाईट वाटू नये म्हणून.

चारच्या सुमाराला त्यांना उलटी झाली. मग दुसरी, मग तिसरी. आधीच अशक्त माणूस, हात गार पडले. बद्रीनाथ शेतावर. मच्छिंद्र नुसता आत-बाहेर करत होता. नाजिया नुकतीच निघाली होती, तिला फोन करून परत बोलावलं. साधनानं डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितलं तसं नाजियानं दवाखान्यातून सामान आणलं, आणि दोघींनी मिळून घरातच सलाईन लावली. साधनाचा हात बराबर शिरेवर गेला. पण सुई टोचून झाल्यावर ती भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली.

"माझ्या हातनं झालं हे," ती म्हणत होती. "मला कळायला पायजे होतं. मी कशाला दिलं त्यांना?"

मच्छिंद्र तिच्या जवळ गेला नाही. कौसल्याताई सलाईनची बाटली बघत उभी राहिली. थेंब पडत होते. तिला वाटलं, म्हातारा गेला तर मी काय करणार? कोणाला सांगणार? तीही खाली बसली, साधनापासून दोन हात लांब.

काकासाहेब गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहा मागितला. कौसल्याताईनं कप दिला तेव्हा ते म्हणाले, "तू तो माळ्यावरचा डबा टाकला न्हाईस का?"

ती पदरानं बाजेची कड पुसायला लागली.

"चाळीस वर्षं भुईमूग लावला मी. मागच्या सालचा दाणा मला जिभेवर कळतो." त्यांनी एक घोट घेतला. "चुकून मिसळला आसंल. टाकून दे तो डबा."

त्यांना खरंच चूक वाटली की त्यांनी तिला वाट काढून दिली, हे तिला अजून कळलेलं नाही. पण वाट होती. चुकून मिसळला, एवढं म्हटलं की संपलं होतं. तिनं पत्र्याचा डबा उकिरड्यावर रिकामा केला. तरी दुपारपर्यंत तिला चैन पडेना. साधना त्या दिवशी रजेवर होती, मोरीपाशी चादरी धूत होती. कौसल्याताई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"खवट दाणे मी मिसळल्ते," ती म्हणाली. "चुकून न्हाई."

साधनानं नळ बंद केला. हातातली चादर पिळून बादलीत टाकली. मग म्हणाली, "का?"

"तुझं नाव व्हतं म्हणून."

"मामांचं वय बघितलं का ताई तुम्ही?"

"तवा न्हाई बघितलं."

साधनानं परत नळ सुरू केला. पुढं महिना-दीड महिना ती कौसल्याताईशी कामापुरतं बोलली. स्वतःचे किलोभर दाणे आणून आपल्या खोलीतल्या कपाटात ठेवले. नूडल्स केल्या नाहीत. काकासाहेबांनी विचारलं तर म्हणायची, "सध्या ड्यूटी जास्त आहे मामा." पण मच्छिंद्रला तिनं एका शब्दानं सांगितलं नाही. तो अजूनही अधूनमधून तिलाच म्हणायचा, "त्या दिवशी तू जरा बघून करायचं व्हतं." आणि ती ऐकून घ्यायची.

आणि आता गंमत बघा. कौसल्याताईला याचाही हेवा वाटायला लागला. वय सव्वीस, आणि एवढं पोटात ठेवते. आपल्याला जमलं नसतं. आपण त्याच संध्याकाळी सगळ्या गल्लीला सांगितलं असतं. शेवयांत ती वरचढ होतीच, आता यातही झाली. "मला ते सहनच झालं न्हाई," ती मला म्हणाली. "तिच्या मोठेपणाखाली किती दिवस राहायचं?" म्हणून एके दिवशी मच्छिंद्र दुकानातून जेवायला आला तेव्हा ताट वाढता वाढता तिनं त्याला सगळं सांगून टाकलं. पश्चात्तापानं सांगितलं असं ती म्हणत नाही. साधनाकडं काही शिल्लक राहू नये म्हणून सांगितलं.

मच्छिंद्रनं घास खाली ठेवला. "माझ्या बापाला काही झालं असतं तर, वहिनी?"

"ठाऊक हाय."

"आन् मी तिला बोलत राह्यलो. तू ऐकत व्हतीस."

"ऐकत व्हते."

तो न जेवता उठला. लहानपणी रुसला की ती मागं जायची, त्या दिवशी गेली नाही. आठ दिवस तो घरात जेवायला बसायचा, पण तिच्याकडं बघायचा नाही. नवव्या दिवशी त्यानं मीठ मागितलं. तिनं दिलं.

पावसाळा सरता सरता साधनाला कसल्याशा प्रशिक्षणासाठी पाच दिवस जालन्याला जावं लागलं. तिसऱ्या दिवशी काकासाहेबांनी ताट सरकवलं. नेहमीचं कारण नाही, हट्ट. "मला त्या तिखट शेवया पायजेत," म्हणाले. "दोन महिने झाले."

"तिला येऊ द्या मामा."

"तवर मी ऱ्हातो का जातो."

कौसल्याताई बराच वेळ फोन हातात घेऊन बसली. शेवटी लावला.

"साधना, मामा शेवया मागून राह्यले. माझ्या गोळा व्हतात."

पलीकडं बायकांचा गलका ऐकू येत होता.

"तुम्ही कधी केल्या होत्या?"

"केल्त्या एकदा. गोळा झाला."

साधना हसली नाही. पण म्हणाली, "फोन स्पीकरवर टाका आणि गॅसजवळ ठेवा." मग एकेक सांगत गेली. नूडल्स बोटानं दाबून बघा, मधे जरा कडक लागली की उतरवा. चाळणीत ओतल्यावर गार पाणी फिरवा, नाहीतर शिजतच राहतात. वाटण ताकाएवढं पातळ करा, कढईत गेल्यावर ते घट्ट होतं. गॅस मोठा ठेवा, भिऊ नका.

"आता हलवा. झालं?"

"झालं वाटतं. सुट्या झाल्या."

"बरं मग, ठेवते," साधना म्हणाली आणि फोन ठेवला.

फोन बंद झाल्यावर कौसल्याताईनं फळीवरची एक छोटी बरणी काढली. भाजलेल्या कारळ्यांची भुकटी होती तीत. तिनं चमचाभर घेऊन नूडल्सवर भुरभुरली आणि एकदा वरखाली केलं.

काकासाहेबांनी वाटी घेतली, दोन घास खाल्ले. "साधनासारख्या न्हाई झाल्या," म्हणाले.

तिनं वाटी उचलायला हात पुढं केला.

"पण ह्या बी चांगल्या हायेत. वाढ आजून."

साधना दोन दिवसांनी आली. त्या संध्याकाळी कौसल्याताईनं परत त्याच केल्या होत्या. साधनानं पर्स खांद्यावरून न उतरवता कढईतला एक घास चिमटीत घेऊन तोंडात टाकला. मग दुसरा.

"ताई, काय घातलंय ह्यात? काहीतरी वेगळं लागतंय."

"काय घालणार? तू सांगितलं तसंच केलंय," कौसल्याताई म्हणाली आणि तिच्यापुढं ताटली ठेवली.

साधनानं तिच्याकडं बघितलं, काहीतरी लपवलंय हे तिला कळलं, आणि ती गुपचूप खायला बसली. दाण्यांचा डबा आता परत एकच आहे, फळीवर. पण कारळ्यांचं कौसल्याताईनं तिला अजून सांगितलेलं नाही. मला सांगताना तिनं आधी समोर आपल्या दाराकडं बघून घेतलं, आणि मेथीची जुडी उचलून जाताना परत एकदा वळून बजावलं की साधनासमोर हे बोलायचं नाही.